पिंपामागे किती, आणि मोजणार कोण? दोन सुदानांच्या तेलवाटाघाटी

प्रश्न असा आहे: दक्षिण सुदानचं तेल सुदानमधून समुद्रापर्यंत नेण्याच्या भाड्यावर दोन देश बोलायला बसतात, तेव्हा बंडखोर आणि वर्तमानपत्रं त्याच टेबलावर कशी येतात? हे तीन विषय वेगळे ठेवता येत नाहीत का? आणि अशा बोलण्यांना बसणाऱ्यानं तयारी कशाची करायची?

कागदावर वेगळे ठेवता येतात. २७ सप्टेंबर २०१२ रोजी अदिस अबाबात तेच केलं होतं: तेलाचा करार निराळा, सुरक्षेचा निराळा, सीमेचा निराळा, नागरिकांच्या हक्कांचा निराळा. तरीही वर्ष पुरं व्हायच्या आत, जून २०१३ मध्ये, खार्टुमनं, म्हणजे सुदानच्या सरकारनं, तेल थांबवण्याची नोटीस काढली आणि कारण दिलं बंडखोरांना मिळणाऱ्या मदतीचं. तेव्हा करार वेगळे केले म्हणून विषय वेगळे होत नाहीत. का होत नाहीत, हे आधी तेलाचा हिशेब नीट पाहिल्याशिवाय कळत नाही.

९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान स्वतंत्र झाला तेव्हा जुन्या सुदानच्या तेलउत्पादनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग त्याच्याकडे गेला. पाइपलाइनी, रिफायनऱ्या आणि बंदर मात्र उत्तरेत राहिले. युनिटी राज्यातलं तेल सीमेलगतच्या, सुदानच्या ताब्यातल्या हेग्लिगमार्गे सुमारे १,६०० किलोमीटरच्या पाइपलाइनीतून जातं. अप्पर नाइल राज्यातल्या पालोइचचं तेल सुमारे १,४०० किलोमीटरच्या दुसऱ्या पाइपलाइनीतून. दोन्ही तांबड्या समुद्रावर पोर्ट सुदानजवळच्या बशायर टर्मिनलला निघतात. दक्षिणेच्या सरकारी उत्पन्नाचा सुमारे ९८ टक्के भाग या तेलाचा होता. दुसरी वाट नव्हती. केनियाच्या किनाऱ्याकडे पाइपलाइन टाकण्याची चर्चा त्यानंतर अनेकदा झाली, पाइप कुठे पडला नाही.

त्याआधीच्या सहा वर्षांत भाड्याचा प्रश्न आलाच नव्हता, कारण २००५ च्या सर्वंकष शांतता करारात वेगळीच व्यवस्था होती. दक्षिणेतल्या विहिरींच्या निव्वळ तेलउत्पन्नातून २ टक्के उत्पादक राज्याला आणि उरलेलं निम्मं निम्मं. उत्तरेचं 'भाडं' त्या निम्म्यातच मुरलेलं होतं. स्वातंत्र्याच्या दिवशी ती वाटणी संपली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. तेल वाहत राहिलं, दर ठरलेला नव्हता. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ या रिकाम्या जागेत आहे. मुख्य दर ठरायला वर्ष लागो की दोन, पहिल्या दिवसापासून एक तात्पुरता दर आणि तो जमा करायला तिसऱ्याच्या ताब्यातलं खातं असायला हवं होतं. नंतरचा हिशेब त्या खात्यातून वळता करता येतो. ते नव्हतं म्हणून खार्टुमनं २०११ च्या अखेरीस पैशांऐवजी तेलच उचलायला सुरुवात केली. जुबाच्या, म्हणजे दक्षिणेच्या सरकारच्या, म्हणण्यानुसार ८१.५ कोटी डॉलरचं तेल गेलं. २० जानेवारी २०१२ रोजी जुबाच्या मंत्रिमंडळानं उत्पादनच बंद करण्याचा निर्णय घेतला. स्वतःच्या ९८ टक्के उत्पन्नाची चावी स्वतःच बंद करणारं सरकार इतिहासात फारसं सापडणार नाही.

त्या वेळी टेबलावर दोन आकडे होते. खार्टुमची मागणी पिंपामागे ३६ डॉलर, जुबाचा देकार एका डॉलरहूनही कमी. बाहेरून पाहणाऱ्यांना वाटलं की एक बाजू लुटायला बसली आहे आणि दुसरी फुकट मागते आहे. प्रत्यक्षात दोघं वेगवेगळ्या गोष्टींची किंमत सांगत होते. जुबा म्हणत होतं, दुसऱ्याच्या जमिनीवरून पाइप नेण्याचा जगभरातला दर पाहा. खार्टुमच्या डोक्यात होता देश फुटल्यामुळे तिजोरीला पडलेला खड्डा. वाटाघाटीत आकडे इतके लांब असले की सौदा करायला बसू नये. आधी आकडा फोडायला घ्यावा.

दक्षिण आफ्रिकेचे माजी अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या अध्यक्षतेखालच्या आफ्रिकन युनियनच्या मंडळानं नेमकं तेच केलं. अंतिम करारात एका आकड्याचे चार तुकडे आहेत. तेलातलं पाणी आणि वायू वेगळा करण्याची प्रक्रिया फी १.६० डॉलर. देशातून जाऊ देण्याची वाहतूक परवाना फी १ डॉलर. पाइपलाइनीचं भाडं युनिटीच्या लाइनीवर ८.४० आणि पालोइचच्या लाइनीवर ६.५० डॉलर. हे तीन मिळून एका लाइनीवर ११ आणि दुसरीवर ९.१० होतात. चौथा तुकडा १५ डॉलरचा, त्याला नाव दिलं 'संक्रमणकालीन आर्थिक व्यवस्था'. हा तेलाशी संबंधित खर्चच नव्हे. सुदानच्या तिजोरीतल्या तुटीचा अंदाज काढला, तिचा तिसरा हिस्सा दक्षिणेनं भरायचा, तिसरा सुदाननं काटकसर करून आणि तिसरा बाहेरच्या देशांनी. दक्षिणेच्या हिश्शाची रक्कम ३०२.८ कोटी डॉलर धरली आणि ती पिंपांवर पसरली. बाहेरच्या देशांचा तिसरा हिस्सा कधी नीट जमला नाही, पण तो वेगळा विषय.

या १५ डॉलरांत एक चूक दडलेली होती, आणि ती आजही नवे करार करणारे करतात. करारात रक्कम होती, मुदतही होती: साडेतीन वर्षं. पण रोजचं उत्पादन ठरलेलं नव्हतं. बंद होण्याआधीच्या साडेतीन लाख पिंपांच्या हिशेबानं १५ डॉलर दरानं वर्षाला सुमारे १९२ कोटी होतात, म्हणजे रक्कम दीड वर्षाच्या आसपास फिटते. दिवसाला १ लाख ६० हजार पिंपं धरली तर वर्षाला सुमारे ८८ कोटी, आणि फिटायला जवळपास साडेतीन वर्षं लागतात. उत्पादन आणखी घसरलं किंवा महिनोन्महिने बंद राहिलं तर मुदत संपते आणि रक्कम उरते. मग उरलेली माफ की पुढे चालू? असल्या कलमात एक वाक्य हवंच हवं: रक्कम आणि मुदत यांत आधी काय संपेल ते अंतिम, की नंतर काय संपेल ते.

दुसरी चूक जास्त महागात पडली. फी ठरली तेव्हा ब्रेंट, म्हणजे जगभर भावाचा संदर्भ म्हणून धरलं जाणारं कच्चं तेल, शंभर डॉलरच्या वर होतं, म्हणून ती डॉलरमध्ये पक्की केली. जानेवारी २०१६ मध्ये ब्रेंट तिसाच्या खाली आलं. पालोइचच्या तेलाला, म्हणजे दार ब्लेंडला, ब्रेंटहून कमी भाव मिळतो. ते जड आहे, मेणचट आहे आणि त्यात आम्लाचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे मोजक्याच रिफायनऱ्या ते घेतात. समजा ब्रेंट ३० आणि सूट ८, तर बशायरला हातात २२ डॉलर. फी ९.१० अधिक १५, म्हणजे २४.१०. म्हणजे प्रत्येक पिंप विकून दोन डॉलरचा तोटा, शिवाय विहीर चालवण्याचा खर्च. त्या वर्षी दोन्ही बाजूंनी १५ डॉलरच्या तुकड्याला किमतीशी बांधणारी सरकती पट्टी मान्य केली. खार्टुमलाही ते परवडणारं होतं, कारण विहिरी बंद पडल्या तर त्याचीही फी शून्य. हे २०१२ मध्येच करायला हवं होतं, आणि पट्टी ब्रेंटला नव्हे तर त्या त्या तेलाच्या बशायरच्या प्रत्यक्ष विक्रीदराला बांधायला हवी. युनिटीचं नाइल ब्लेंड हलकं आणि कमी गंधकाचं, त्याचा भाव वेगळा. दोन तेलांना एकच संदर्भदर लावला तर एका राज्यावर अन्याय ठरलेला.

आता मोजणीकडे येतो, कारण बंडखोर आणि वर्तमानपत्रं इथून आत शिरतात.

पिंप चार ठिकाणी मोजता येतं. विहिरीच्या तोंडाशी, जिथे तेलाबरोबर पाणी आणि वायू असतो. मध्यवर्ती प्रक्रिया केंद्रात, पाणी काढल्यावर. पाइपलाइनीत शिरताना. आणि टर्मिनलला जहाजात भरताना. चारही आकडे वेगळे येतात आणि चारही खरे असू शकतात. २००९ मध्ये ग्लोबल विटनेस या संस्थेनं सुदान सरकारनं प्रसिद्ध केलेले उत्पादनाचे आकडे आणि चिनी कंपनीच्या अहवालातले आकडे शेजारी ठेवले. काही ब्लॉकमध्ये कंपनीचे आकडे ९ ते २६ टक्क्यांनी जास्त निघाले. ज्या ब्लॉकचं उत्पन्न दक्षिणेशी वाटायचं नव्हतं, त्याचे आकडे मात्र जवळपास जुळले. पाणी धरून मोजलं की वगळून, यावरून खुलासे झाले. खुलासा खरा असो वा खोटा, दक्षिणेत जो संशय बसला तो बसला. म्हणून भाड्याच्या कलमात 'पिंप' या शब्दाची व्याख्या दरापेक्षा आधी लिहायची: कोणता मीटर, किती तापमानाला, पाण्याचं किती प्रमाण मान्य, मीटरची तपासणी किती महिन्यांनी, सील कुणाचं, आणि दोघांचे निरीक्षक एकाच वेळी हजर नसतील तर नोंद ग्राह्य की नाही.

पाइपातच पडून राहिलेलं तेलही विसरायचं नाही. युनिटीची लाइन २८ इंची आहे. सोळाशे किलोमीटरला गुणलं तर ३५ लाखांहून जास्त पिंपं केवळ पाइप भरायला लागतात. शंभर डॉलरच्या भावानं हा ३५ कोटी डॉलरचा माल. लाइन कायमची बंद झाली तर तो कुणाचा, हे बहुतेक मसुद्यांत शेवटच्या रात्री कुणाच्या तरी लक्षात येतं.

आणि ही लाइन नळाच्या तोटीसारखी हवी तेव्हा बंद-चालू करता येत नाही. दोन्ही तेलं मेणचट. गरम ठेवून हलती ठेवली तर वाहतात, निवली की थिजतात. २०१२ मध्ये बंद करताना पाइपातलं तेल पाण्यानं पुढे ढकलून लाइन धुवावी लागली होती. धुतली नसती तर शेकडो किलोमीटरची मेणबत्ती तयार झाली असती. 'तेल थांबवू' ही धमकी म्हणून टेबलावर किती खरी, हे यावरून ओळखायचं. नोटिशीची मुदत साठ दिवस ठेवण्याचं तांत्रिक कारणही हेच आहे. त्या मुदतीत विहिरी टप्प्याटप्प्यानं बंद होतात आणि पाइप सुरक्षित करता येतो. पुढे २०२४ मध्ये काय झालं ते पाहा. सुदानमधल्या युद्धात पंपिंग स्टेशनांना डिझेल मिळेना, पालोइचच्या लाइनीत तेल थिजलं, युद्धक्षेत्रातल्या टप्प्यात लाइन फुटली आणि दुरुस्तीची माणसं तिथपर्यंत पोचू शकली नाहीत. मार्चमध्ये सुदाननं फोर्स मॅज्योर, म्हणजे आवाक्याबाहेरच्या कारणानं करार पाळता येत नाही, असं जाहीर केलं, ते उठायला जानेवारी २०२५ उजाडला. दक्षिणेच्या निर्यातीच्या तेलाचा मोठा भाग त्या काळात अडकून होता. कुणी धमकी दिली नव्हती, कुणी वाटाघाट मोडली नव्हती. डिझेल संपलं होतं, एवढंच.

बंडखोरांचं गणित असं. दक्षिण कोर्दोफान आणि ब्लू नाइल ही राज्यं फाळणीत उत्तरेकडे राहिली, पण तिथले हजारो सैनिक यादवीत दक्षिणेच्या बाजूनं लढलेले होते. दक्षिणेच्या सैन्याची नववी आणि दहावी डिव्हिजन म्हणजे हीच माणसं. २०११ मध्ये तिथे पुन्हा लढाई पेटली. खार्टुमचं म्हणणं, या डिव्हिजनांना पगार आणि शस्त्रं जुबातून जातात. जुबाचं म्हणणं, युनिटी राज्यातल्या आमच्याविरुद्धच्या टोळ्या खार्टुम पोसतं. एप्रिल २०१२ मध्ये दक्षिणेच्या सैन्यानं हेग्लिगच घेतलं आणि दहा दिवसांनी सोडलं. तोवर तिथल्या तेलसुविधांचं नुकसान झालं होतं. २ मे रोजी सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक २०४६ करून दोघांना तीन महिन्यांत प्रश्न सोडवायला सांगितलं. तेलाचा करार त्या दट्ट्याखाली झाला, दोघांना एकाएकी शहाणपण सुचलं म्हणून नव्हे.

सुरक्षेच्या करारात सीमेच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे १० किलोमीटरचा सैन्यमुक्त पट्टा ठरला. मोडला तो मध्यरेषेवर. सीमाच ठरलेली नाही, मग पट्टा कुठून मोजायचा? 'चौदा मैल' नावाच्या भागात तर दक्षिणेचे गुराखी आणि उत्तरेचे रिझेगात जमातीचे पशुपालक दोघंही गुरं चारतात. म्हणून तिथे वेगळी तरतूद करावी लागली, आणि ती स्थानिक लोकांच्या गळी उतरवणं जुबाला फार जड गेलं. नकाशा मान्य नसताना किलोमीटर मान्य करू नयेत. निदान 'हा नकाशा सीमेच्या दाव्याला बाधक नाही' हे वाक्य नकाशावरच छापून घ्यावं. परिशिष्टात टाकलं तर कुणी वाचत नाही.

खरी उणीव मात्र वेळापत्रकात होती. तेल बंद करायला साठ दिवसांची नोटीस पुरत होती. बंडखोरांना मदत केल्याचा आरोप साठ दिवसांत तपासून निकाल देईल अशी यंत्रणा नव्हती. त्यामुळे ८ जून २०१३ रोजी सुदानचे तेव्हाचे अध्यक्ष बशीर यांनी नोटिशीचं हत्यार उपसलं तेव्हा आरोप खरा की खोटा हे सांगणारं कुणी नव्हतं. आफ्रिकन युनियनला घाईनं चौकशीची तात्पुरती व्यवस्था सुचवावी लागली, मुदत वाढवून मागावी लागली, आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेचे अध्यक्ष साल्वा कीर खार्टुमला गेले तेव्हा प्रकरण निवळलं. मसुद्यात क्रम असा हवा: आरोप, तीस दिवसांत प्रत्यक्ष जागेवर पाहणी, पाहणीचा अहवाल दोघांना, आणि त्यानंतरच नोटीस देण्याचा अधिकार. अहवालाआधी दिलेली नोटीस निष्प्रभ, असं स्पष्ट लिहायचं.

घरातलं बंड बाहेरच्यापेक्षा वाईट निघालं. डिसेंबर २०१३ मध्ये कीर आणि त्यांनी पदावरून काढलेले उपाध्यक्ष रिएक माचार यांच्यात युद्ध पेटलं. युनिटीतले तेलक्षेत्र बंद पडले, बेंटिऊ आणि मलाकाल ही शहरं हातातून हातात जात राहिली, आणि उत्पादन पालोइचवर येऊन ठेपलं. आता गंमत पाहा. २०१२ मध्ये जे खार्टुम शत्रू होतं, तेच २०१८ मध्ये कीर आणि माचार यांच्यातलं मध्यस्थ झालं. जून २०१८ च्या खार्टुम जाहीरनाम्यात शस्त्रसंधीच्या शेजारीच युनिटीतल्या विहिरी सुदानच्या मदतीनं पुन्हा चालू करण्याचं कलम आहे. मध्यस्थाला फी मिळणार होती, म्हणून मध्यस्थी मनापासून झाली. मध्यस्थ निःस्वार्थ असावा हा आग्रह अशा बोलण्यांत धरू नये. त्याचा स्वार्थ कुठल्या कलमात आहे एवढं माहीत असलं की पुरे.

वर्तमानपत्रांचा विषय लोक शेवटी घेतात आणि आधी सोडून देतात. तो टेबलावर येतो तीन वाटांनी.

पहिली वाट आकड्याची. ऑगस्ट २०१२ मध्ये फीवर एकमत झाल्याचं जाहीर झालं त्या दिवशी जुबानं आपल्या लोकांना सरासरी ९.४८ डॉलर सांगितले. खार्टुमनं १५ डॉलरचा तुकडा मिळवून त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगितला. खोटं कुणीच बोललं नाही. पण खार्टुमची अरबी वर्तमानपत्रं आणि जुबाची इंग्रजी वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना दोन वेगळे करार झाल्यासारखं वाटलं, आणि नंतर प्रत्येक हप्त्याच्या वेळी दोन्ही सरकारांना आपापल्या आकड्याला चिकटून राहावं लागलं. संयुक्त निवेदनात दराची फोड छापून द्यावी, अरबी आणि इंग्रजी मसुदे एकाच वेळी प्रसिद्ध करावेत, पत्रकारांना दोन्ही शिष्टमंडळांसमोर एकत्र बसवावं. 'सहमती झाली' एवढंच वाक्य द्यायचं असेल तर निवेदनच देऊ नये.

दुसरी वाट दडपशाहीची, आणि ती वाटाघाटीच्या वेळापत्रकाशी जुळून येते. दक्षिण स्वतंत्र होण्याच्या आदल्या दिवशी खार्टुमनं सहा वर्तमानपत्रं बंद केली. त्यात 'अजरास अल-हुर्रिया'ही होतं. कारण सांगितलं मालकीत दक्षिणेतल्या लोकांचा वाटा असल्याचं. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरक्षा यंत्रणेनं एका दिवसात चौदा वर्तमानपत्रांचे छापलेले सगळे अंक उचलले. ही पद्धत नीट समजून घ्यावी. छपाईच्या आधी अडवलं तर मालकाचा कागद वाचतो. छापून झाल्यावर उचलल्यानं कागद, शाई, मजुरी आणि जाहिरातीचे पैसे सगळे बुडतात. तीन-चार वेळा झालं की संपादक स्वतःच कात्री हातात घेतो, सेन्सॉरची गरज उरत नाही. दक्षिणेतही काही वेगळं नाही. ५ डिसेंबर २०१२ रोजी जुबात 'आयझाया अब्राहम' या नावानं लिहिणारे स्तंभलेखक डिंग चान अवुओल यांची गोळ्या घालून हत्या झाली. ते सरकारवर टीका करत, आणि खार्टुमशी संबंध सुधारावेत असंही त्यांनी शेवटच्या दिवसांत लिहिलं होतं. नेमका तेव्हा सप्टेंबरचा करार सह्या होऊन अंमलाविना पडून होता. २०१७ मध्ये सरकारनं 'रेडिओ तमाझुज' आणि 'सुदान ट्रिब्यून'ची संकेतस्थळं बंद केली. तेलक्षेत्रात काय चाललं आहे हे बाहेर सांगणारे जे थोडे होते, त्यांतले हे दोन.

तिसरी वाट सर्वांत व्यावहारिक. विहिरीपाशी कुणी बातमीदार जाऊ शकत नसेल तर वाटाघाटीला बसणाऱ्यांनाही तिथली माहिती मिळत नाही. पालोइच परिसरातल्या प्रदूषणाच्या आणि व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळांच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. असोसिएटेड प्रेसनं २०२० मध्ये त्यावर कागदपत्रांसह लिहिलं तेव्हा त्या जगासमोर आल्या. तेलाबरोबर निघणाऱ्या पाण्याची विल्हेवाट कुणी, कुठे आणि कुणाच्या खर्चानं लावायची, हे करारात आधीच असतं तर ती रक्कम कंपन्या तेलातून वसूल करतात त्या खर्चात धरली गेली असती. आता ती थकबाकी आहे, फक्त तिचा आकडा कुणी काढलेला नाही. जून २०१२ मध्ये कीर यांनी ७५ आजी-माजी अधिकाऱ्यांना सुमारे ४०० कोटी डॉलर परत करा असं पत्र लिहिल्याचं बाहेर आलं, तेही असंच. उत्पन्नाचे महिन्यागणिक आकडे छापून येत असते तर इतकी रक्कम गेल्यावर पत्र लिहायची वेळ आली नसती.

तेलाच्या करारात 'पत्रस्वातंत्र्याचा आदर केला जाईल' असं कलम घालायचा मोह टाळावा. ते पहिल्या वाचनातच खोडलं जातं. खोडलं नाही तर त्याला 'जबाबदार पत्रकारितेची' शेपटी जोडून येते, आणि मग हा करार दाखवूनच अंक जप्त होतात. २०१२ च्या करारांत नागरिकांसाठी 'चार स्वातंत्र्यं' आहेत: राहण्याचं, फिरण्याचं, धंदा करण्याचं आणि मालमत्तेचं. लिहिण्याचं नाही. ते असावं म्हणून भांडण्यात वेळ घालवण्यापेक्षा बिनरंगी कलमं मागावीत. दर महिन्याच्या अमुक तारखेला उत्पादन, जहाजात भरलेली पिंपं, विक्रीचा दर, कापलेली फी आणि जमा झालेली रक्कम दोन्ही मंत्रालयांनी प्रसिद्ध करायची. परिशिष्टांसह करार खुला ठेवायचा. प्रसिद्ध झालेली माहिती छापल्याबद्दल कुणावर कारवाई होणार नाही हे एका ओळीत. दक्षिणेच्या २०१२ च्या पेट्रोलियम कायद्यात आणि २०१३ च्या तेलमहसूल कायद्यात प्रसिद्धीची बंधनं आहेतच. महसुलातून २ टक्के उत्पादक राज्यांना आणि ३ टक्के स्थानिक समाजाला द्यायचे हेही आहे. म्हणजे नवं काही मागावं लागत नाही. 'तुमच्याच कायद्याप्रमाणे' म्हणून मागता येतं, आणि असं मागितलेलं नाकारणं अवघड असतं. संपादकाला तो छापील तक्ता भाषणस्वातंत्र्यावरच्या परिच्छेदापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

भारताचा यात हिस्सा आहे आणि तो अल्पसंख्य भागीदाराचा आहे. ओएनजीसी विदेशनं मार्च २००३ मध्ये कॅनडाच्या टॅलिस्मनकडून नाइल प्रकल्पातला, म्हणजे युनिटी-हेग्लिगच्या तेलक्षेत्रांतला, २५ टक्के वाटा घेतला. टॅलिस्मनला मानवी हक्कांवरून न्यूयॉर्कच्या न्यायालयात खेचलं होतं आणि भागधारक नाराज होते, म्हणून तिला निघायचं होतं. चीनच्या सीएनपीसीचा वाटा ४० टक्के, मलेशियाच्या पेट्रोनासचा ३०. त्याच वर्षी नाइल ब्लेंडचं पहिलं जहाज मंगळूरच्या रिफायनरीत आलं. देश फुटल्यावर हा वाटा दोन तुकड्यांत गेला आणि जुबाशी जानेवारी २०१२ मध्ये नव्यानं करार झाले, उत्पादन बंद होण्याच्या आठवडाभर आधी. भारतानं त्या वर्षी खास दूतही नेमला. पण पंचवीस टक्केवाल्याच्या दूतानं दरावर बोलू नये, त्याचं तिथे वजन नसतं. त्यानं स्वतःला मिळायच्या थकीत रकमेवर बोलावं. भारताचं नुकसान झालं ते थकबाकीतच: खार्टुम–पोर्ट सुदान ही ७४१ किलोमीटरची इंधनवाहिनी बांधून दिली, तिचे हप्ते थकले. भागीदारांच्या वाट्याचं तेल सुदाननं देशातल्या रिफायनरीसाठी घेतलं, त्याचे पैसे थकले. शेवटी २०१८ मध्ये लंडनला लवादाकडे जावं लागलं. धडा साधा आहे. सरकारला तेल उधार द्यायचं असेल तर त्याच कलमात वसुलीची वाट लिहावी: इतके दिवस पैसे आले नाहीत तर पुढच्या जहाजातून तेवढी पिंपं भागीदाराची.

सध्याची परिस्थिती मात्र २०१२ च्या कुठल्याच मसुद्यात बसत नाही. एप्रिल २०२३ पासून सुदानचं सैन्य आणि आरएसएफ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस) हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध चालू आहे. बंदर सैन्याकडे, आणि डिसेंबर २०२५ मध्ये हेग्लिग आरएसएफकडे गेलं. म्हणजे सरकारशी लढणारी फौज तेव्हा पाइपलाइनीच्या एका टोकाला आली आणि फी घेणारं सरकार दुसऱ्या टोकाला राहिलं. अशा वेळी मसुदा हातात घेतला की आधी नोटिशीचं कलम उघडावं, ज्यात पत्ता असतो. 'सुदान सरकार, ऊर्जा मंत्रालय, खार्टुम' एवढंच तिथे असेल तर नोटीस पोचली की नाही यावरच पुढची दोन वर्षं लवाद चालेल. पत्ता पदाचा हवा, पर्यायी पत्ता मध्यस्थ संस्थेचा हवा, आणि पाइपलाइनीच्या ज्या टप्प्यावर त्या सरकारचा ताबा नाही त्या टप्प्याच्या देखभालीची फी कुणाला द्यायची हे वेगळ्या ओळीत हवं. किमान तो ताबा परत येईपर्यंत ती रक्कम तिसऱ्याच्या खात्यात राहील, एवढं तरी.